मालमत्तेच्या विम्याची भरपाई : ती का अडते व कशी मिळवावी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या उपनगरांवर जो पाऊस कोसळला त्याची आठवण आमच्या बहुतेक वाचकांस असेलच. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत अवघा ७३ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. विहार व पवई या दोन तलावांच्या सांडव्याचे पाणी जिच्यातून वाहते ती मिठी नदी त्या दिवशी पात्र सोडून चालली, आणि साकीनाक्यास टेकडी खचून कित्येक माणसे गाडली गेली. गेलेल्या जिवाची भरपाई कोणास करता येणार? परंतु घराची व मालाची भरपाई ज्यांनी हप्ते भरून आगाऊ विकत घेऊन ठेवली होती, त्यांनाही ती हाती पडेपर्यंत किती जोडे झिजवावे लागतात, हे त्या पुरानंतर आम्ही जवळून पाहिले.

पवईच्या हकिकतीशी शेतकऱ्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रामजी कावसजी या पारशी गृहस्थांनी पवईची इस्टेट कंपनी सरकारकडून घेऊन तेथे उसासारख्या पिकांची लागवड केली होती, एवढे सांगितले तरी पुरे. आज तेथे ऊस नाही, इमारती आहेत. पण त्या इमारतींत आमच्याच सभासदांचे मुलगे राहतात व आसपासच्या गाळ्यांत त्यांचे धंदे चालतात. शिवाय विम्याचा करार गाळ्याचा असो की गावाकडील कोठाराचा, गोठ्याचा किंवा पंपघराचा, त्याची कलमे बहुतांशी सारखीच असतात.

आमच्या परिचयाच्या एका बागायतदारांच्या चिरंजीवांचा साकीविहार रस्त्याच्या बाजूस तळमजल्यावर गाळा होता. शेतीचे पंप, मोटारी व त्यांचे सुटे भाग यांचा साठा तेथे असे. त्या दिवशी गाळ्यात छातीइतके पाणी चढले. विमा उतरविलेला होता, हप्ता वेळेवर भरलेला होता. तरी कंपनीचे पहिले उत्तर नकाराचे आले. कारण असे की, करारात ‘पूर व जलमयता’ यांपासून होणारे नुकसान धरले आहे, पावसाच्या पाण्यापासून होणारे नव्हे. गाळ्यालगत नदी नाही, सबब हा पूर नव्हे. त्यातच पावसाचा दाखला म्हणून जो कागद जोडला गेला तो कुलाब्याचा! ७३ मिलिमीटर पावसाने मोटारी कशा बुडाल्या, हा प्रश्न मग कोणासही सुचावा.

या एका प्रकरणात भरपाई अडण्याची बहुतेक कारणे एकत्र आलेली असल्यामुळे आम्ही त्याच्याच आधाराने पुढील विवेचन करीत आहो.

प्रथम नकाराची गोष्ट. नदीने किंवा तलावाने काठ सोडला तरच पूर म्हणावयाचा, हा युक्तिवाद पुढे दुसऱ्याच एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जे. के. सिमेंट या कारखान्याच्या आवारातील दगडी कोळसा अतिवृष्टीच्या पाण्याने वाहून गेला होता व विमा कंपनीने हेच कारण पुढे केले होते. २०२० साली न्यायालयाने ते फेटाळले. जोराच्या पावसाने जमिनीवर पाणी साचून झालेले नुकसानही ‘पूर व जलमयता’ या शब्दांत येते, असे ठरले. नाले तुंबून ज्यांच्या कोठारात पाणी शिरते त्यांना हा निर्णय फार उपयोगाचा आहे. मात्र मुळात पुराचे कलम आपल्या करारात आहे की नाही, हे पाहून घ्यावे. आगीच्या जुन्या प्रमाणित विम्यात वादळ व पूर यांचे कलम वगळून हप्ता थोडा कमी करून घेण्याची सोय होती. थोडक्या रुपयांच्या लोभाने ते वगळणाऱ्यांना पुढे कोणताही न्यायाधीश साह्य करू शकत नाही. दरड कोसळण्याचेही तसेच. ती जोखीम धरलेली असते, परंतु नव्या बांधकामाचे बसणे, भिंतीस नेहमीच्या चिरा पडणे किंवा सदोष बांधणी यांची भरपाई त्यात येत नाही. तेव्हा टेकडीखालच्या घरमालकाने चिरा ‘पडल्या’ असे मोघम न लिहिता दरड कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूने आली व तिने काय पाडले, हे लिहावे.

नकाराचे पत्र हाती आले म्हणजे ते रागाने फाडून टाकू नये. त्यात दिलेली कारणे हीच कंपनीची मर्यादा होय. पत्रात न दिलेले कारण, जसे वर्दी उशिरा दिल्याचे, कंपनीस पुढे न्यायासनासमोर नव्याने उपस्थित करता येत नाही, असे सौराष्ट्र केमिकल्सच्या दाव्यात २०१९ साली ठरले आहे. नकार तोंडी मिळाला असेल तर तो कारणांसह लेखी मागावा.

उशिराच्या कारणाविषयी आमच्या वाचकांस अधिक जिव्हाळ्याचे उदाहरण उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्याचे आहे. २०२० च्या खरिपात तेथील सोयाबीन अतिवृष्टीने गेले. नुकसान ७२ तासांत कळविले नाही, या सबबीवर पीकविम्याची भरपाई लाखो शेतकऱ्यांना मिळाली नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले आणि मे २०२२ मध्ये सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा हुकूम झाला. हा निर्णय आनंदाचा खरा. पण दीड वर्षाहून अधिक काळ कोर्टाच्या वाटेकडे डोळे लावून बसण्यापेक्षा पहिल्याच दिवशी वर्दी देऊन पोच ठेवणे स्वस्त पडते.

आता कमी रक्कम मिळण्याचा प्रकार. आमच्या पंपवाल्या गृहस्थांनी सांताक्रूझच्या पावसाचा दाखला, तहसील कचेरीचा पंचनामा व शेजारच्या गाळेवाल्यांची निवेदने जोडून कंपनीस पुन्हा लिहिले. नकार मागे घेण्यात आला. परंतु जी रक्कम मंजूर झाली ती मागणीच्या निम्मीच होती, आणि येथे मात्र दोष कंपनीचा नव्हता. हिशेब असा असतो : समजा, गाळ्यात वीस लाखांचा माल आहे व विमा दहा लाखांचाच उतरविलेला आहे. पुराने सहा लाखांचा माल गेला. विमेदार समजतो, सहा लाख हे दहा लाखांच्या आत आहेत, ते सगळे मिळतील. कंपनी म्हणते, तुम्ही अर्ध्याच मालाचा विमा घेतला होता, म्हणून उरलेल्या अर्ध्याचे विमेदार तुम्ही स्वतःच आहात. नुकसानही अर्धे आमचे व अर्धे तुमचे. मिळतात तीन लाख, आणि त्यातूनही करारातील ठरीव कपात जाते. यास सरासरीचे कलम म्हणतात. हप्ता वाचविण्यासाठी किंमत कमी सांगणाऱ्यांची सर्वात मोठी फसवणूक हे कलम करते, व ती त्यांनीच आपल्या हाताने केलेली असते.

घरांच्या बाबतीत हे संकट आता पुष्कळ हलके झाले आहे. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विम्यात सरासरीचे कलम लावले जात नाही. आणि घराबरोबर आतील सामानही घराच्या विमारकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, पण दहा लाखांच्या आत, आपोआप धरले जाते. लहान धंद्यांसाठी त्याच दिवशी आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ विम्यात पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्यापुढे नाही. कोठारात हंगामात माल वाढतो व नंतर रिकामे होते. वर्षातील सर्वात भरलेल्या महिन्याची किंमत धरून विमा घ्यावा, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

सर्वेक्षक येण्यापूर्वी गाळ उपसण्याची घाई स्वाभाविक असते. दुर्गंधी सुटलेली असते, बायकामुले कंटाळलेली असतात. तरी प्रथम छायाचित्रे घ्यावी, भिंतीवर पाण्याची रेघ कोठवर आली तिची खूण करून उंची मोजावी, बिघडलेल्या वस्तूंची यादी करून तीवर दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्या, मगच माल हलवावा. जो माल वाचण्यासारखा असेल तो वाचविण्याचा प्रयत्न करणे हे विमेदाराचे कर्तव्यच आहे. ‘विमा आहे, सडू दे’ असे म्हणणाऱ्यास भरपाई कमी मिळते व तसे होणे योग्यही आहे. हिशेबाच्या वह्या भिजल्या असल्यास माल पुरविणाऱ्यांकडून बिलांच्या प्रती, बँकेकडून साठ्याची पत्रके व करखात्याकडील विवरणे मिळवून साठा सिद्ध करता येतो.

सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत लेखी मागावी. त्यात काय धरले व काय सोडले, हे कळल्यावाचून ‘रक्कम कमी आहे’ या तक्रारीस वजन येत नाही. हा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो ब्रह्मलिखित नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि आपणास सोयीचा अहवाल मिळेपर्यंत एकामागून एक सर्वेक्षक नेमीत राहण्याची मुभा कंपनीसही नाही, असे त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निर्णयात म्हटले आहे.

पैसे देतेवेळी ‘पूर्ण व अंतिम भरपाई पावली’ अशा मजकुराची पावती सहीसाठी पुढे येते. गरजू मनुष्य सही करतो. अजमेरसिंग कॉटन मिल्सच्या १९९९ च्या निवाड्याप्रमाणे अशी सही फसवणुकीने, दडपणाने किंवा गैरवाजवी वजन आणून घेतलेली असेल तर उरलेल्या रकमेचा हक्क बुडत नाही. पण दडपण होते, हे सिद्ध करण्याचा भार विमेदारावर पडतो. यास्तव पैसे घेताना ‘हरकत राखून’ असे पावतीवर लिहावे, आणि ते लिहू देत नसतील तर त्याच दिवशी कंपनीस तसे पत्र पाठवावे.

ज्यांनी कर्ज काढून कोठार बांधले आहे त्यांची आणखी एक अडचण असते. विमा बँकेने उतरविलेला असतो व करारपत्र बँकेच्याच कपाटात राहते. पुष्कळ वेळा तो इमारतीचा असतो, आतील धान्याचा नसतो. करारपत्राची प्रत आजच मागून घ्यावी.

विलंबाविषयी नियम आता बरेच कडक झाले आहेत. विमा नियामक प्राधिकरणाच्या जून २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे वर्दी मिळाल्यापासून चोवीस तासांत सर्वेक्षक नेमावयाचा, नेमणुकीपासून पंधरा दिवसांत त्याचा अहवाल यावयाचा व अहवालानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यावयाचा आहे. कागद मिळाले नाहीत एवढ्याच कारणाने मागणी फेटाळता येत नाही. हे दिवस उलटले की आठवणपत्र लिहावे, त्यात तारखा घालाव्या व विलंबाचे व्याज मागावे.

तरीही दाद न लागल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही व वकील लागत नाही. घरगुती विमेदार, एकट्या मालकीचा धंदा व सूक्ष्म उद्योग यांच्या तक्रारी चालतात. रकमेची मर्यादा २०२३ पासून पन्नास लाख आहे. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज झाला पाहिजे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, विमेदारावर नसतो. तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडा राहतो. ग्राहक आयोगाकडे मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते, आणि कोणत्या आयोगाकडे जावयाचे हे २०१९ च्या कायद्याप्रमाणे नुकसानीच्या रकमेवरून नव्हे, तर भरलेल्या हप्त्यावरून ठरते. त्यामुळे बहुतेक शेतकऱ्यांचे काम जिल्ह्याच्या ठिकाणीच होते, व पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यास तेथे फीही नाही. धंद्याच्या मालाचा विमा म्हणून ‘तुम्ही ग्राहकच नव्हे’ असे सांगून परतविण्याचा प्रयत्न होतो. नुकसान भरून घेण्यासाठी विमा घेणारा नफ्याचा व्यापार करीत नसतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात मान्य केले असल्याने त्या निर्णयाचा उल्लेख अर्जातच करून ठेवावा.

पंपवाल्या गृहस्थांस निम्मी रक्कम मिळावयास चौदा महिने लागले. पुढच्या वर्षी त्यांनी साठ्याची खरी किंमत लिहून विमा घेतला, मोटारी जमिनीपासून पाच फूट उंचीच्या फळ्यांवर ठेवल्या, आणि करारपत्राची एक प्रत गावी वडिलांच्या पेटीत ठेवावयास पाठविली.