रात्री दोनचं जेवण

इंदापूरच्या नातेवाइकांनी निघताना बजावलं होतं, "आफ्रिका आहे, जपून राहा!" बारामतीहून निघालो तेव्हा आम्हा नवरा-बायकोच्या मनातही धास्ती होतीच.

टांझानियातल्या झांझिबार बेटावर, स्टोन टाऊनमध्ये आम्ही आठ दिवस राहिलो. गल्ल्या इतक्या अरुंद की बहुतेक ठिकाणी मोटार शिरतच नाही. घरांच्या भिंतीलगत दगडी ओटे असतात, त्यांना 'बराझा' म्हणतात. संध्याकाळी म्हातारी माणसं तिथं काळी कॉफी पीत गप्पा मारतात. लहान मुलं जाता-येता 'शिकामो' म्हणून आदर दाखवतात, वडीलधारे 'मरहबा' म्हणतात. स्वाहिली भाषेत शब्दही ओळखीचे भेटले: चाय, चपाती, किताबू, सबुनी.

एकदा घरमालकीणबाईंनी रात्री दोनला जेवायला बोलावलं. आम्ही चक्रावलो! मग कळलं, तिथं तास दिवस उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला. रात्रीचे दोन म्हणजे आपले आठ. बिस्मिल्लाह म्हणून सगळे एकाच मोठ्या ताटाभोवती बसलो. लवंग-दालचिनीचा पिलाव होता. चांगला भाग त्या आमच्याकडे सरकवत होत्या.

तो घास मात्र घशात अडकला. पुण्यातली आमची खोली बघायला एकदा एक आफ्रिकी विद्यार्थी आला होता. खोली रिकामी असूनही "दिली गेली" असं आम्ही खोटंच सांगितलं होतं.

यंदा खोली पुन्हा रिकामी झाली. एजंटाला सांगितलंय, मुलगा कुठल्याही देशाचा असो, आधी चहाला घेऊन या.