आठ पायांचं बिऱ्हाड

मुलं कधी काय मागतील याचा नेम नाही. कुत्रा, मांजर, फार तर कासव, इथपर्यंत आईच्या मनाची तयारी असते. आमच्या तेरा वर्षांच्या लेकीने मात्र एका संध्याकाळी जेवताना अगदी शांतपणे जाहीर केलं, "मला टॅरंटुला पाळायचाय."

टॅरंटुला म्हणजे तळहाताएवढा, अंगभर केस असलेला कोळी. आम्ही राहतो इंग्लंडमध्ये आणि इथे ही हौस जुनी आहे. अॅन वेब या बाईंनी पतीच्या साथीने १९८० च्या दशकात ब्रिटिश टॅरंटुला सोसायटी सुरू केली, तेव्हापासून इथे कोळीप्रेमींची चांगली संघटना आहे. त्यामुळे इथल्या हिशेबाने लेकीची मागणी तशी जगावेगळी नव्हती. पण त्या वेळी साताऱ्याहून सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. हातातला घास ताटात ठेवून त्या म्हणाल्या, "अगं, दिवाळीआधी आपण केरसुणी घेऊन घरभर जळमटं काढतो आणि तुम्ही चक्क कोळ्याला भाडेकरू ठेवणार?"

हसण्यावारी नेता आलं असतं. पण लेक हट्टाला पेटली नव्हती, तिने अभ्यास केला होता. स्टॅनली आणि मार्गरिट शुल्ट्झ या दांपत्याचं टॅरंटुला पाळण्यावरचं जाडजूड पुस्तक (पहिली आवृत्ती १९८४ ची) तिने वाचनालयातून आणून ठेवलं होतं. मीही ते वाचायला घेतलं. वाचता वाचता कळलं, की यात भीतीचा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न जबाबदारीचा. टॅरंटुलाच्या नराचं आयुष्य थोडं असतं, पण मादीची नीट निगा राखली तर ती वीस-पंचवीस वर्षंही जगते. म्हणजे लेक कॉलेजला जाईल, नोकरीला लागेल, कदाचित लग्न होऊन परगावी जाईल, तरी कोळीण आहेच. शिवाय कुत्र्याला भूक लागली तर तो भुंकतो, मांजर पायात घोटाळतं. कोळी काहीच सांगत नाही. घर चुकलं तर तो मुकाट्याने मरतो.

म्हणून आम्ही दोन अटी घातल्या. पहिली, आधी घर तयार होईल, मगच कोळी येईल. दुसरी, पुढच्या वीस वर्षांत कोण कधी त्याची काळजी घेणार, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावायचं. लेकीने दोन्ही मान्य केल्या. कागदावर पहिली पाच वर्षं तिची, मग कॉलेजच्या काळात बाबांची, असं सगळं रीतसर लिहिलं. खाली सह्यासुद्धा झाल्या.

दुकानातला थाट

घराचं सामान बघायला आम्ही पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने उत्साहाने 'संपूर्ण संच' दाखवला. काचेची उंच पेटी, वर बारीक जाळीचं झाकण, तळाला रंगीत खडे, एक काटेरी निवडुंग, एक प्लास्टिकची कवटी, लाल दिवा, खाली घालायची तापणारी गादी आणि पाण्याच्या वाटीत स्पंज. दिसायला अगदी गणपतीची आरास! लेकीने वही काढली आणि एकेका वस्तूवर काट मारली. मला गंमत वाटली, पण तिची कारणं ऐकण्यासारखी होती.

आधी उंची. टॅरंटुलाचे ढोबळमानाने दोन प्रकार. काही झाडावर राहतात, काही जमिनीत बीळ करून. झाडावरच्या कोळ्याला उभं घर लागतं. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली होती. तिच्या १७०५ च्या पुस्तकात पेरूच्या फांदीवर बसून चिमुकला पक्षी खाणारा कोळी आहे, तो हाच. कोळी पक्षी खातो यावर पुढे शंभराहून अधिक वर्षं विद्वान पुरुषांनी विश्वास ठेवला नाही. १८६३ मध्ये हेन्री बेट्स या निसर्ग अभ्यासकाने अॅमेझॉनच्या जंगलात तेच पाहिल्याचं लिहिलं, तेव्हा कुठे बाईचं म्हणणं खरं ठरलं.

आम्हाला हवी होती ती मेक्सिकोतली, पायांच्या सांध्यांवर केशरी-तांबडे पट्टे असलेली 'रेडनी'. ती जमिनीतली. तिला उंच पेटीत ठेवलं तर ती काचेवर चढते आणि पडते. तिचं पोट म्हणजे पाण्याने भरलेला फुगाच. हातभर उंचीवरून पडूनही ते फुटतं आणि मग उपाय नसतो. जाळीच्या झाकणाचाही तोच धोका. तिच्या पायांच्या टोकाला बारीक नख्या असतात. त्या जाळीत अडकतात, ती लोंबकळत राहते आणि सुटण्याच्या धडपडीत पाय तुटतो किंवा ती खाली कोसळते.

दिवा कशाला नको? कारण ही निशाचर. तिला उजेड नको असतो आणि दिव्याच्या उष्णतेने ती सुकत जाते. गादी खालून तर मुळीच नको. जमिनीत राहणारा प्राणी ऊन तापलं की खोल जातो, कारण खाली गारवा असतो हे त्याला उपजत ठाऊक. खालून तापवलं, तर तो गारव्याच्या आशेने नेमका आगीकडेच जाणार! घर फारच गार असेल तर गादी पेटीच्या बाजूला, बाहेरून लावावी. आपण स्वेटर न घालता बसू शकतो तेवढी ऊब तिला पुरते. स्पंजमध्ये जंतू वाढतात. खड्यांत बीळ खणता येत नाही, आणि निवडुंगाचे काटे त्या नाजूक पोटाला लागू शकतात. राहिली ती कवटी. ती फक्त आपल्यासाठी.

मापात बसवलेलं घर

मग घर केलं कसं? हिशेब सोपा आहे. पाय पसरून कोळ्याची जी लांबी होते, तिच्या तिप्पट पेटीची लांबी आणि दुप्पट रुंदी. मातीपासून झाकणापर्यंतची मोकळी उंची मात्र दीडपटीहून जास्त नको. आमची कोळीण १२ सेंटिमीटरची असणार होती. म्हणून पेटी घेतली साधारण ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि ३० उंच. त्यात १५ सेंटिमीटर माती. उरलेल्या जागेत ती चढली तरी पडून लागण्याइतकी उंची राहत नाही. झाकण अॅक्रिलिकचं, त्याला आणि दोन समोरासमोरच्या बाजूंना बारीक भोकं, म्हणजे वारा खेळता राहतो. भोकं तिच्या पोटाच्या पुढच्या, कडक भागाहून लहान हवीत, कारण तो गेला की बाकीचा कोळी निघालाच म्हणून समजा. झाकणाला कडी.

माती म्हणजे कोकोपीट, आपला नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि त्यात खत किंवा औषध न घातलेली साधी माती. हे मिश्रण भिजवून, पिळून, दाबून दाबून भरायचं. भुसभुशीत राहिलं तर बीळ ढासळतं. वरचा थर नंतर सुकू द्यायचा. रेडनी कोरड्या रानातली, तिला ओल आवडत नाही. पण पाण्याची उथळ वाटी कायम भरलेली हवी, आणि अधूनमधून ती एका कोपऱ्यात मुद्दाम सांडू द्यायची. लपायला एक मातीची लहान कुंडी आडवी करून अर्धी पुरली. सासूबाई आता रस घेऊ लागल्या होत्या. त्यांनी कुंडीचं तोंड भिंतीकडे वळवायला सांगितलं. "बाळंतिणीच्या खोलीसारखं आडोशाला असू दे गं," म्हणाल्या. त्यांचं अगदी बरोबर होतं. चारी बाजूंनी उघडं पडलेलं टॅरंटुला कायम धास्तावलेलं राहतं.

जागा निवडली लेकीच्या खोलीतलं खालचं, घट्ट कपाट. तिथे ऊन येत नाही, दार आपटत नाही. एका पेटीत एकच कोळी, हेही पुस्तकात ठळक लिहिलेलं. सोबत म्हणून दुसरा आणला, तर एक जण दुसऱ्याला खाण्याचीच शक्यता जास्त.

एवढं झाल्यावर कोळीण आली. तीही जंगलातून पकडलेली नको, पैदास केंद्रात जन्मलेली हवी, हे आधीच ठरलं होतं. पाळण्याच्या हौसेपायी मेक्सिकोतून हे कोळी इतके नेले गेले, की १९८५ मध्ये त्यांच्या व्यापारावर सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराची बंधनं आली. पहिला आठवडाभर ती कोपऱ्यात हलली नाही. सासूबाईंनी नाव ठेवलं, शांताबाई.

पाठीवर पडलेली शांताबाई

शांताबाईंचा खर्च फार नाही. आठ-दहा दिवसांनी एखाद-दुसरा रातकिडा. ते रातकिडे वेगळ्या डब्यात ठेवावे लागतात आणि रात्रभर किरकिरतात. सासूबाई म्हणाल्या, "गावाकडच्या घरी झोपल्यासारखं वाटतंय." पण तीन महिन्यांनी शांताबाईंनी खाणं सोडलं. रंग फिकट झाला, पोटाचा टक्कल पडलेला भाग काळसर दिसू लागला. एका दुपारी सासूबाईंनी मला हाक मारली, "अगं ये लवकर, गेली बिचारी." पेटीत शांताबाई उताणी पडलेली, आठही पाय वर.

लेक शाळेतून नुकतीच आली होती. ती धावत आली, पाहिलं आणि पेटीपुढे हात आडवा धरून उभी राहिली. "कोणी हात लावू नका. ती कात टाकतेय."

हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा धडा. टॅरंटुला कात टाकताना पाठीवर झोपतो. पाहणाऱ्याला वाटतं मेला. मग कोणी सरळ करतं, कोणी पाणी मारतं, कोणी फेकूनही देतं. मेलेला किंवा मरू घातलेला कोळी बहुधा सरळच असतो आणि पाय अंगाखाली मुडपलेले असतात. कारण कोळ्याचे पाय पसरतात ते शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. दाब गेला की पाय आत वळतात. असा कोळी जिवंत असेल तर आधी त्याला पाण्याजवळ न्यायचं. पण उताण्या कोळ्याला काही म्हणजे काहीच करायचं नाही. पेटीत रातकिडा राहिला असेल तेवढा अलगद काढायचा, कारण नव्या मऊ अंगाला तोही चावू शकतो.

आम्ही तिघी जमिनीवर बसून राहिलो. काही तासांत जुन्या कातडीतून एकेक पाय हातमोज्यातून बोटं काढावीत तसा बाहेर आला. नवे पट्टे झळझळीत केशरी, दात पांढरेशुभ्र. ते पुन्हा काळे आणि कडक होईपर्यंत, आठ-दहा दिवस, जेवण बंद. एरवी 'लवकर आटप' म्हणून जिच्यामागे लागावं लागतं, ती लेक एका जिवाच्या वेळेने इतकी शांत बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

धोक्याचं विचाराल, तर अमेरिका खंडातल्या या कोळ्यांचा दंश साधारण मधमाशीच्या डंखासारखा. अॅलर्जी असणाऱ्यांनी अर्थातच जपावं. जास्त सांभाळायचं ते पोटावरच्या केसांना. घाबरला की कोळी मागच्या पायांनी ते उडवतो. लीड्समधल्या एका तरुणाने पेटी साफ करताना तोंड जवळ नेलं आणि ते केस त्याच्या डोळ्याच्या बुबुळात रुतले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० च्या सुरुवातीला ही हकिगत छापली होती. म्हणून सफाईच्या वेळी चष्मा, हातमोजे आणि नंतर साबणाने हात धुणं, हा आमच्याकडे नियमच. हातावर घेऊन फोटो काढणं बंद. त्यात कोळ्याला कसलंच सुख नाही, आणि हात झटकला की तो पडलाच. त्या खोलीत मुंग्या-झुरळांचा फवारा किंवा डासांची वडीसुद्धा नाही. किडे मारणारं औषध कोळ्यालाही मारतं.

आणि आपल्याकडे?

हे वाचून भारतातल्या एखाद्या मैत्रिणीच्या मुलाला हुक्की आली तर? तर आधी हे सांगा, की टॅरंटुला आपल्याकडेही आहेत. सह्याद्रीत जमिनीतले आहेत, झाडांच्या ढोलीतलेही आहेत. आंध्र प्रदेशात नंद्याल-गिद्दलूर भागातल्या एका लहानशा जंगलात निळ्याशार रंगाची एक जात राहते. १८९९ मध्ये गुत्ती स्टेशनजवळच्या लाकडांच्या वखारीत सापडली, म्हणून जगभर ती गुत्तीच्याच नावाने ओळखली जाते. एवढ्याशा जागेत उरलेली ही जात २००८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरली. झाडावर राहणारा हा सगळा गट २०१९ मध्ये सायटिसच्या यादीत आला. परदेशी जातीचा विचार असला तरी त्या यादीतला प्राणी घरी असेल तर आपल्या वन्यजीव कायद्याप्रमाणे २०२४ च्या नियमांनुसार सरकारी 'परिवेश' संकेतस्थळावर नोंद करावी लागते. आणि आपल्या झाडावरच्या कोळ्यांचा दंश रेडनीसारखा सौम्य नसतो. स्नायूंना पेटके येतात, ते काही दिवस टिकू शकतात.

तेव्हा घाटातल्या कोळ्याला डब्यात घालून घरी आणू नका, कोणी विकत असेल तर घेऊही नका. मुलांना पावसाळ्यात घाटवाटेने न्या. कुणा जाणत्याच्या सोबतीने रात्री बॅटरी घेऊन मातीच्या कडेचं, रेशमी अस्तर लावलेलं एखादं बीळ दाखवा. त्यात काडी घालू देऊ नका. पुरेशी माती, थोडा गारवा, दाराशी आडोसा, सगळं तिथे आहे. त्याचं घर तिथे आधीच बांधलेलं आहे.