उपासना कोणाच्या आवडीची?

रविवारची उपासना आटोपून मंडळी मंदिराबाहेर पडली, कीं पायऱ्यांवर पहिली चर्चा बहुधा गायनाची होते. एकाला चाल फार संथ वाटते, दुसऱ्याला पेटीचा आवाज कर्कश वाटतो, तिसऱ्याला प्रवचन लांबलेलें वाटतें. या साऱ्या तक्रारींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : उपासना उपासकाला आवडली पाहिजे. परंतु ती ज्याला अर्पण करावयाची, त्याची इच्छा काय, हा प्रश्न क्वचितच निघतो. ख्रिस्ती धर्माच्या इतिहासांत मात्र याच प्रश्नानें मोठमोठीं मनें हलविलीं आहेत.

उल्रिख झ्विंग्ली हा स्वित्झर्लंडमधील धर्मसुधारक १५१९ सालीं झ्यूरिख येथील मुख्य मंदिराचा उपदेशक झाला. तो उत्तम संगीतज्ञ होता. अनेक वाद्यें वाजवीत असे, पदांना चाली लावीत असे. अशा माणसानेंच सार्वजनिक उपासनेंतून संगीत काढून टाकावें, हें नवल वाटण्याजोगें आहे. पण त्याची विचारसरणी सरळ होती. ज्या गोष्टीस शास्त्रवचनाचा आधार नाहीं, ती माणसाच्या हौसेखातर उपासनेंत येऊं नये, असें तो मानी. १५२५ सालीं तेथें प्रभुभोजनाचा नवा, साधा विधि सुरू झाला आणि १५२७ सालीं मुख्य मंदिरांतील ऑर्गन मोडण्यांत आला. घरीं मात्र झ्विंग्लीचीं वाद्यें सुटलीं नव्हतीं. जें नावडतें तें टाकणें सोपें असतें. त्यानें मंदिराबाहेर ठेवलें, तें त्याचें अत्यंत आवडतें होतें.

मार्टिन ल्यूथरहि संगीतप्रेमी होता. त्यानें हाच प्रश्न विचारला आणि उलट उत्तर काढलें. संगीत ही ईश्वराची देणगी आहे, आणि शास्त्रानें जें निषिद्ध केलें नाहीं तें ठेवण्यास हरकत नाहीं, असें त्याचें मत. त्याच्या पुढाकारानें १५२४ पासून जर्मन पदांचे संग्रह छापले जाऊं लागले. जिनीव्हांत कॅल्विननें मधला मार्ग धरला : वाद्यें वर्ज्य, परंतु शास्त्रांतील स्तोत्रें सर्व मंडळीनें एकसुरांत गावीं. तेथें १५६२ सालीं दीडशेंहि स्तोत्रांचा पद्यमय संग्रह पूर्ण झाला.

प्रश्न एक आणि उत्तरें तीन, तर मग ईश्वरेच्छा ओळखावी कशी? शास्त्रानें चाली नेमून दिल्या नाहींत. पण कसोट्या दिल्या आहेत. जेथें न्याय पायदळीं तुडविला जातो, तेथील गायनवादन ईश्वराला नकोसें होतें, असें आमोस संदेष्टा बजावतो. उपासनेची योग्य जागा कोणती, असा विषय शोमरोनी स्त्रीनें काढला, तेव्हां ख्रिस्तानें तिचें लक्ष डोंगरावरून आणि यरुशलेमावरून काढून अंतःकरणाच्या सत्यतेकडे वळविलें. आणि करिंथच्या मंडळीला पौलानें सांगितलें, कीं उपासनेंत जें होईल तें दुसऱ्याला समजावें व त्याची उन्नति करणारें असावें.

महाराष्ट्रांत हा शेवटचा निकष विशेष महत्त्वाचा ठरला. परदेशी चालींवर बसविलेलीं भाषांतरित पदें ज्यांच्या कानांत मुरलीं, त्यांना तीच उपासनेची खरी रीत वाटणें स्वाभाविक होतें. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, आणि पुढें अभंग, पदें व कीर्तन यांच्या द्वारें ख्रिस्तभक्तीला मराठी वाणी दिली. ज्या भाषेंत माणूस रडतो, त्याच भाषेंत त्यानें प्रार्थना करावी, हें त्या कार्याचें मर्म होय. तथापि अभंग म्हणून अभंगहि पवित्र ठरत नाहीं. केवळ ठेक्याच्या गोडीसाठीं तो म्हटला, तर तीहि स्वतःचीच आवड होय.

आपल्या रुचीला ईश्वरेच्छेचें नांव देण्याचा मोह जुन्या चालीच्या अभिमान्याला होतो, तसाच नव्याच्या कैवाऱ्यालाहि होतो. त्यावर उपाय एकच : ज्या निर्णयांत स्वतःची सोय फार चांगली साधते, तो पुन्हा एकदां तपासून पाहावा. गेथशेमाने बागेंत ख्रिस्तानें आपली इच्छा पित्याच्या इच्छेखालीं ठेवली. शेजारच्या वृद्धेला धीर देणारें, पण स्वतःला न रुचणारें पद जो मनापासून म्हणतो, तो त्याच वाटेवर एक पाऊल टाकतो. मग पायऱ्यांवर उतरतांना त्याच्या मनांत चालीचा हिशेब राहत नाहीं. आज आपण काय अर्पण केलें, एवढाच विचार राहतो.