यंत्राला उमजेल असें सर्किटचित्र

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचें पाठीमागचें झांकण काढलें, म्हणजे आंत तारांचें जंजाळ दिसे. कारागीर सर्किटचें चित्र समोर ठेवून एकेक तार डाख देऊन जोडी. चित्रांत कांहीं राहून गेलें असलें, तरी त्याच्या अनुभवानें तें भरून निघे. आजच्या रेडिओंत त्या जंजाळाच्या जागीं तांब्याच्या रेषा उमटविलेला बोर्ड असतो. त्या रेषा कोठून न्याव्यात, हें आतां संगणक ठरवूं शकतो. आणि संगणक हा अनुभवी कारागीर नव्हे.

समजा, रिठदसारख्या गावीं टाकी भरतांच विहिरीवरील पंप आपोआप बंद व्हावा, म्हणून एक लहानसें सर्किट करावयाचें आहे. पाण्याची पातळी ओळखणारा भाग, एक ट्रान्झिस्टर आणि पंपाच्या स्टार्टरला हुकूम देणारी रिले, एवढीच त्यांतील मुख्य मंडळी. पवईच्या आय.आय.टी.त फॉसी प्रकल्पानें तयार केलेलें 'ईसिम' हें विनामूल्य साधन अशा कामीं उपयोगी पडतें. चित्र काढणें व बोर्ड मांडणें यांसाठीं तें 'कीकॅड'चा आधार घेतें. या कीकॅडचा आरंभ ज्याँ-पिएर शारा यांनीं १९९२ सालीं फ्रान्समध्यें केला.

चित्रावरून जोडण्यांची एक यादी निघते: कोणत्या भागाचा कितवा पाय कोणाशीं जोडला आहे, एवढेंच तींत असतें. बोर्डाची मांडणी या यादीवरून होते, चित्राच्या सुबकपणावरून नव्हे. रेघ पायाच्या केसभर अलीकडे थांबली, तर डोळ्यांना ती जोडलेली दिसेल, यादींत मात्र ती नसेल. एके ठिकाणीं 'जीएनडी' व दुसरीकडे 'ग्राउंड' लिहिलें, तर वाचणारा मनुष्य दोन्ही एकच समजेल. संगणकाला ते दोन निराळे तुटक भाग वाटतील. जो पाय मुद्दाम मोकळा ठेवावयाचा, त्यावरहि तशी फुली मारावी लागते.

खरा घात होतो तो भागाच्या आकारांत. बी.सी. ५४७ हा ट्रान्झिस्टर सपाट बाजू आपणांकडे व पाय खालीं करून धरला, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. टू-एन ३९०४ चा क्रम नेमका उलट. चित्रांतील चिन्ह मात्र दोहोंचें एकच! चिन्हाच्या पायांचे क्रमांक बोर्डावरील भोकांशीं पडताळून पाहिले नाहींत, तरी संगणकाची तपासणी निर्दोष म्हणून शेरा देते. कारण यादीप्रमाणें सारें बरोबरच असतें. शिकाऊ माणसाचे पैसे बहुधा येथेंच बुडतात. बोर्ड कारखान्यांतून छापून येतो, आणि मग ट्रान्झिस्टर उलटा बसतो.

शिवाय यादींत अंतर नसतें. रिलेच्या एका अंगास २३० व्होल्ट खेळत असतील, तर ती रेषा पातळीच्या नाजूक भागापासून किती दूर ठेवावी आणि किती रुंद असावी, हे नियम आधीं घालून द्यावे लागतात. चिपेच्या वीजपुरवठ्याशीं लागणारा १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर चित्राच्या कोपऱ्यांत काढला तरी चालतो, पण बोर्डावर तो चिपेला खेटूनच हवा. असे भाग स्वहस्तें जागीं बसवावे, आणि उरलेल्या रेषा यंत्राकडे सोंपवाव्या.

बोर्ड छापावयास धाडण्यापूर्वीं मांडणी खऱ्या मापांत साध्या कागदावर छापून घ्यावी, भोकांच्या जागीं टाचणीनें टोंचावें आणि विकत आणलेल्या रिलेचे पाय त्यांत उतरतात कीं नाहीं, तें पाहावें.