गिलाव्याच्या शंभर रुपयांत सिमेंटचे आठ

घराच्या बाहेरच्या १०० चौरस मीटर भिंतीला, म्हणजे १,०७६ चौरस फुटांना, २० मिलिमीटर जाडीचा दुहेरी गिलावा करायचा तर २.२४ घनमीटर ओला माल लागतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरविश्लेषणातला हा आकडा आहे. नुसते क्षेत्रफळ गुणिले जाडी केले तर २ घनमीटरच भरतात. उरलेले जवळपास पाव घनमीटर विटांच्या सांध्यांत आणि भिंतीच्या उंचसखलपणात मुरते. १:४ प्रमाणाच्या मालात दर घनमीटरला सुमारे ३८० किलो सिमेंट धरतात. तेव्हा एवढ्या भिंतीला ८५० किलो, म्हणजे १७ गोणी सिमेंट आणि २.४ घनमीटर, म्हणजे पाऊण ब्रासहून थोडी जास्त वाळू लागते.

आता याचे पैसे मांडू. खालचे दर हिशेबासाठी धरलेले आहेत. आपापल्या गावचे दर घालून वाचकाने तो पुन्हा करावा. सिमेंटची गोणी ४०० रुपये धरली तर १७ गोण्यांचे ६,८००. वाळू किंवा क्रश सँड ५,००० रुपये ब्रासने ४,२५०. वॉटरप्रूफिंगच्या द्रवाचे १,०००. साहित्य इथेच संपले: १२,०५० रुपये.

मजुरीचे गणित वेगळेच आहे. दोन्ही थर मिळून एका गवंड्याचे दिवसाला ६ ते ८ चौरस मीटर काम होते. १०० चौरस मीटरला गवंड्याचे १५ दिवस आणि बिगाऱ्यांचे २० दिवस धरले, गवंड्याला १,००० आणि बिगाऱ्याला ७०० रुपये रोज दिला, तर २९,००० होतात. जुना गिलावा ठोकून काढणे आणि राडारोडा उचलणे यांचे १०,५००. परांचीचे १२,०००. एकूण ६३,५५०. त्यावर ठेकेदाराची व्यवस्था आणि नफा १५ टक्के, मग नोंदणीकृत ठेकेदाराच्या बिलावर १८ टक्के जीएसटी. अखेरचा आकडा ८६,२०० रुपयांच्या आसपास येतो. चौरस मीटरला ८६२, चौरस फुटाला ८०.

या ८६ हजारांत सिमेंट फक्त ६,८०० रुपयांचे आहे, पुरते ८ टक्केही नाही. माल १:४ ऐवजी १:६ कालवला तर सहा गोण्या वाचतात. त्यांचे होतात २,४०० रुपये, एकूण खर्चाच्या तीन टक्क्यांहून कमी. एवढ्यासाठी पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत अशक्त करून ठेवणे मला अक्षम्य वाटते. आतल्या भिंतींची गोष्ट निराळी. तिथे १२ मिलिमीटर जाडीचा १:६ चा गिलावा रूढ आहे आणि तो पुरतो. उलट ‘मजबूत हवे’ म्हणून १:३ चा आग्रह धरला, तर जास्त सिमेंटचा माल आकसतो आणि भिंतीवर बारीक तडे येतात. खरी चौकशी वाळूची करावी. गिलाव्याच्या वाळूत माती आणि गाळ ५ टक्क्यांच्या आत असावा लागतो. आणि किमान सात दिवस पाणी मारलेच पाहिजे. ते चुकले तर सतराच्या सतरा गोण्या वाया जातात.

जुने प्लास्टर ठोकून काढल्यावर विटांचे सांधे १० ते १२ मिलिमीटर खोल खरवडायचे असतात, म्हणजे नवा माल भिंतीला धरतो. घाईच्या कामात हेच गळते, कारण नव्या थराखाली ते कुणाला दिसत नाही. १०० चौरस मीटरमधून साधारण चार टन राडारोडा निघतो. तो रस्त्यावर किंवा नाल्यात टाकायचा नाही, हे २०१६ पासून केंद्रीय नियमांतच आहे. मुंबई महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा त्यासाठीच आहे. कोटेशनमध्ये ही ओळ नसेल तर आधी विचारा.

मापाचाही नियम आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा झरोका वजा होत नाही. अर्ध्यापासून तीन चौरस मीटरपर्यंतच्या खिडकी-दाराची, दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर, एकाच बाजूची वजावट होते आणि कडांचे वेगळे पैसे लावता येत नाहीत. वजावटही नाही आणि वर कडांचे पैसे, असे बिल आले तर ते दुरुस्त करून घ्यायचे.

परवानगीचे काय? मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३४२ मध्ये परवानगी न लागणाऱ्या किरकोळ दुरुस्तीची व्याख्या आहे आणि तिच्यात प्लास्टर, रंग आणि दरजा भरणे ही कामे नावानिशी दिली आहेत. भारवाहक भिंत किंवा खांब-तुळई काढणे-बदलणे मात्र तिच्याबाहेर आहे. मुंबईबाहेर राज्याच्या नगररचना अधिनियमाचे कलम ४३ इमारतीच्या बाह्यरूपात लक्षणीय फरक न पाडणाऱ्या देखभालीला परवानगीतून वगळते. पण हाच गिलावा मुंबईतल्या वारसा यादीतल्या इमारतीवर करायचा असेल तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते; १९९५ च्या वारसा नियमावलीत रंगकाम आणि गिलावा यांचा स्पष्ट उल्लेख होता. पुण्यात शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत जुने घर असेल तर दुरुस्तीसाठी केंद्रीय पुरातत्त्व कायद्याखाली अर्ज करावा लागतो. अशा वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंट थापू नये, हे कळकळीने सांगावेसे वाटते. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते आणि भिंत आतून सुटत जाते.

आरसीसी इमारतीत गिलावा पडतो तेव्हा दोष बहुधा गिलाव्याचा नसतो. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो आणि वरचे काँक्रीट फोडतो. समुद्राच्या वाऱ्याला उघड्या बांधकामात सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीट असावे, असे आजचे मानक सांगते. जुन्या स्लॅबमध्ये ते १५ मिलिमीटरही सापडते. तिथे आधी सळईची दुरुस्ती, मग गिलावा. मुंबईत ३० वर्षांच्या इमारतीची स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार सक्तीची आहे, पुढे दर दहा वर्षांनी. तो अहवाल हाती येण्याआधी प्लास्टरची निविदा काढू नये.

सोसायट्यांची अडचण पैशाची आहे. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. हा बांधकाम खर्च मूळचा असतो, आजचा नव्हे. समजा, २८ सदनिकांच्या इमारतीला बाहेरून २,५०० चौरस मीटर गिलावा हवा आहे. उंचीचा जादा खर्च सोडला तरी वरच्या दराने साडेएकवीस लाख होतात, प्रत्येकी ७७,०००. सदनिकेचा मूळ बांधकाम खर्च ३ लाख असेल, तर ०.७५ टक्क्यांनी वर्षाला जमतात २,२५० रुपये. दुसऱ्या कशावर एक पैसा खर्च केला नाही तरी ही रक्कम जमायला ३४ वर्षे लागतील. एवढ्या सभासदांच्या सोसायटीत कार्यकारिणीला सर्वसाधारण सभेला न विचारता दुरुस्तीवर एका वेळी ५०,००० रुपयेच खर्चता येतात. त्यात ५८ चौरस मीटर गिलावा होईल. ०.७५ टक्के ही किमान मर्यादा आहे. सर्वसाधारण सभेला ठरावाने दर वाढवता येतो आणि इमारत दहा वर्षांची असतानाच तो वाढवला, तर परांची बांधायच्या वेळी घरटी पाऊण लाखाची वर्गणी मागावी लागत नाही.