मेदपेशीची घडण व तिचे नियमन

मेद म्हणजे केवळ अतिभोजनाचा संचय, ही समजूत अपुरी आहे. नवी मेदपेशी घडणे ही काटेकोर नियंत्रणाखालील क्रिया होय. पूर्वमेदपेशीस इन्शुलिन, ग्लुकोकॉर्टिकॉइड इत्यादींचे संकेत मिळताच सी/ईबीपी-बीटा व डेल्टा ही प्रथिने प्रथम कार्यप्रवृत्त होतात. त्यांच्यामुळे पीपीएआर-गॅमा व सी/ईबीपी-अल्फा यांची जनुके जागी होतात. हे दोघे परस्परांस टिकवून धरतात, आणि मग पेशी सहसा मागे फिरत नाही. व्न्ट संकेत या क्रियेस लगाम घालतो. पीपीएआर-गॅमाचे प्रभुत्व स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ साली सिद्ध केले.

पुणे जिल्ह्यास हा विषय परका नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत नवजात अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथे ३.५, तथापि पाठीवरील त्वचेखालचा मेद त्यामानाने शाबूत होता. असे बालक पुढे नीरा डाव्या कालव्यावरील बारामती-इंदापूरच्या बागायतीत सुबत्तेत वाढले, तर जादा मेद जाणार कोठे? त्वचेखाली नव्या पेशी घडल्या तर तो तेथे सुखाने राहतो. न घडल्यास यकृतात व स्नायूंत शिरतो आणि इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. पायोग्लिटाझोन हे औषध पीपीएआर-गॅमास चेतविते. म्हणूनच ते घेणाऱ्या मधुमेह्याचे वजन वाढते, तरी रक्तशर्करा उतरते.