पहिल्या ओळीचा हक्क

विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि आमच्या गडचिरोलीतल्या धानोऱ्यातही जुनी यंत्रे बदलू लागली. नव्या यंत्रावर तेंदूच्या हिशेबाची जुनी पायथन फाइल उघडायला जावे, तर प्रश्न येतो : कशात उघडू? नुसते ‘पायथन’ टाइप केले, तर ॲपचे दुकान उघडते. उत्तर फाइलच्या पहिल्याच ओळीत लिहिलेले आहे, पण ती ओळ वाचायला कोणी तयार नाही. हे मला फार लागले.

बेल लॅब्जमधल्या डेनिस रिची यांनी १० जानेवारी १९८०च्या पत्रात युनिक्समधला एक बदल कळवला. तोवर मजकुराची फाइल चालवायला दिली, की कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, हात वर करी आणि आज्ञा वाचणारा शेल ती आपलीच समजून चालवी. आता फाइलची पहिली दोन अक्षरे #! असतील, तर त्यापुढे ज्या इंटरप्रिटरचा, म्हणजे ती फाइल वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचा, पत्ता लिहिला असेल, त्याला कर्नल उठवतो आणि फाइल त्याच्या हवाली करतो. फाइलच्या नावाची शेपटी काहीही असो. २०११मध्ये आमच्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक आले, तेव्हा ज्याचा माल त्यानेच परवाना लिहायचा, हे मान्य झाले. आपल्याला कोणी चालवायचे हे फाइलनेच लिहायचे, या #! मध्ये मला तोच हक्क दिसतो.

पुढची पंचवीस वर्षे सोडून देतो. २००६मध्ये उबुंटू लिनक्सने पहिल्या ओळीत सर्रास लिहिल्या जाणाऱ्या ‘/बिन/एसएच’ या पत्त्यामागे बॅश या शेलऐवजी डॅश बसवला आणि बॅशची बोली बोलणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट अडखळल्या, एवढे सांगून पुढे जाऊ.

माझे दशक २०१० ते २०२०. तेंदूपानांच्या फळीवरून, म्हणजे संकलन केंद्रावरून, वही यायची : नाव, गाव, पुडे. संध्याकाळी वीज असेल तर आकडे भरायचे, आणि स्क्रिप्ट शेकड्याच्या दराने ज्याची त्याची मजुरी काढायची. गावांची नावे आणि रकान्यांची शीर्षके स्क्रिप्टमध्येच देवनागरीत होती. म्हणून ती यूटीएफ-८मध्ये जतन करावी लागे, नाहीतर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे. त्या काळचा नोटपॅड यूटीएफ-८ म्हटले, की फाइलच्या डोक्यावर न दिसणारे तीन बाइट ठेवी. अशी फाइल लिनक्सवर नेली, की कर्नलला #! पहिल्या जागी सापडतच नसे. मग शेल पायथनच्या ओळी आपल्या आज्ञा समजून चालवू लागे. ‘इम्पोर्ट’ शब्द आला, की इमेजमॅजिक असलेल्या यंत्रावर त्याच नावाचे पडदा टिपणारे साधन सुरू होई आणि माउसचा बाण अधिकचे चिन्ह होऊन बसे. मजुरीची यादी काढायला बसलेल्या माणसाने यातून काय समजायचे? सगळे इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या वाट्याला हा ताप सहसा येत नसे. मराठीत लिहिणाऱ्याने तो वर्षानुवर्षे सोसला. नोटपॅडने ती खोड सोडली २०१९मध्ये.

दुसरे दुखणे पायथनचे. डिसेंबर २००८मध्ये आलेल्या पायथन ३ने देवनागरीला न्याय दिला, हे मी मनापासून मानतो. डोक्यावर ते तीन बाइट नसले, तर पायथन २ला दुसऱ्या ओळीत यूटीएफ-८ असे लिहून द्यावे लागे, नाहीतर पहिल्या मराठी अक्षरालाच ते थांबे. पण पहिल्या ओळीतला ‘पायथन’ म्हणजे नेमका कोण? आर्च लिनक्सने २०१०मध्ये म्हटले, तिसरा. पायथनच्या २०११च्या शिफारशीने म्हटले, दुसरा. २०२०च्या उबुंटूत या नावाचे मुळात कोणीच नव्हते, होता तो ‘पायथन३’. तिथे जुनी स्क्रिप्ट चालवली, की ‘अशी फाइल नाही’ असा निरोप येई, आणि फाइल तर डोळ्यांसमोर! एका नावाचा निकाल दहा वर्षे लोंबकळत ठेवणाऱ्यांना मी अजून माफ केलेले नाही.

विंडोजवर ही ओळ वाचता येत नाही, असेही नाही. २०१२च्या पायथन ३.३बरोबर आलेला ‘पीवाय’ लाँचर ती वाचतो. म्हणजे वाट होती, ती हमरस्ता होऊ दिली नाही.

आज इथली पोरे थेट मोबाइलवर वाढतात. स्वतः लिहिलेली चार ओळींची फाइल चालवायची, तर आधी कुणाचे तरी ॲप शोधा. चालवायचा हक्क फाइलला देता येतो, हेच त्यांना कुणी दाखवलेले नाही. जे कोणी त्यांना पायथन शिकवत असतील, त्यांनी पहिला तास #! च्या ओळीला द्यावा. लिनक्सवर, आणि गावांची नावे देवनागरीत असलेल्या फाइलवर.